सर्पगंधा : एका मुळाचा देशोदेशीचा अभ्यास आणि आपले औषधालय

रक्तदाब तपासण्यासाठी दंडाला पट्टा बांधून घेणे आपल्या रुग्णांना आता नाडीपरीक्षेइतकेच सवयीचे झाले आहे. परंतु वाढलेला रक्तदाब रोजच्या गोळीने आटोक्यात ठेवता येतो, ही गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वी इतकी सहज नव्हती. ती सहज होण्यात सर्पगंधेचा वाटा मोठा आहे आणि त्या कामी अनेक देशांतील शास्त्रज्ञांचे हात लागले आहेत.

बिहारमध्ये या मुळास लोक ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली कोलकात्याच्या महामहोपाध्याय गणनाथ सेन यांनी (‘प्रत्यक्षशारीरम्’मुळे आपण सर्व त्यांना ओळखतोच) कार्तिकचंद्र बोस यांच्यासह उन्माद व उच्च रक्तदाब या दोहोंवरील तिचे गुण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेल्या सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी दिल्लीत तिच्या मुळातील अल्कलॉइड्स वेगळी केली. त्यांपैकी एकास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव मिळाले.

एवढे होऊनही जगाचे लक्ष जाण्यास अठरा वर्षे लागली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आपल्या रुग्णांवरील निरीक्षणे मोजमापासह छापली. त्यानंतर बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांना दिले आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातून ‘रेसर्पीन’ वेगळे केले. गुण तोच, मूळही तेच. फरक पडला तो दुसऱ्याला पडताळून पाहता येईल अशा नोंदीमुळे. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात उत्तम अनुभव अशा नोंदीवाचून पडून आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना रेसर्पीनसह तीन औषधे व उरलेल्यांना निर्गुण गोळ्या देण्यात आल्या. १९६७ साली निष्कर्ष आले. निर्गुण गोळ्यांच्या गटात गंभीर उपद्रव २७, तर औषधांच्या गटात केवळ २. रक्तदाब उतरविल्याने पक्षाघातासारखे उपद्रव टळतात, हे सिद्ध करणाऱ्या पहिल्या भक्कम अभ्यासांपैकी हा एक होय.

मात्र रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत, विशेषतः अधिक मात्रेत, खिन्नता दिसू लागली. या औषधाने मेंदूतील सेरोटोनिन घटते, असे १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत आढळले. तेथे काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा दिला आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवातावरील आजच्या लेव्होडोपा चिकित्सेचा पाया तेथे घातला गेला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पुरस्कार मिळाला.

हाच लेव्होडोपा कपिकच्छूच्या बीजात आहे, हे मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखविले होते. दोन्ही वनस्पती आपल्याच. परंतु त्यांना जोडणारा दुवा सापडला तो स्वीडनमध्ये.

या संशोधनाचा माझ्या चिकित्सालयाशी संबंध कसा आला, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी साठीचे एक गृहस्थ नाक चोंदणे, निरुत्साह व उठताना येणारी भोवळ या तक्रारी घेऊन आले. मी पीनस समजून नस्य सुरू केले. गुण येईना. तिसऱ्या भेटीत त्यांच्या पिशवीतून सर्पगंधा वटीची डबी निघाली. झोपेसाठी म्हणून दुकानातून घेतलेल्या त्या गोळ्या ते दीड वर्ष घेत होते आणि सोबत रक्तदाबाची आधुनिक औषधेही चालू होती. उभे राहताच रक्तदाब खाली येत होता. तीनही लक्षणे रेसर्पीनच्या माहितीत ठळकपणे दिलेली आहेत. मला ती वेळेवर आठवली नाहीत. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून वटी हळूहळू बंद केली व सुमारे तीन आठवड्यांत गृहस्थ पूर्ववत झाले. ‘वनौषधी आहे, अपाय नाही’ असे त्यांना काउंटरवर सांगण्यात आले होते. पूर्वी मी केसपेपरवर ‘चालू औषधे’ या रकान्यात केवळ आधुनिक औषधे लिहीत असे. आता आपलीही लिहितो.

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींनी दोन गोष्टी पाहाव्यात. निद्रानाशासाठी ही वटी मागणाऱ्यास रक्तदाबाची गोळी चालू आहे का आणि पूर्वी मानसिक खिन्नतेचा त्रास झाला आहे का, हे विचारावे; उत्तर होकारार्थी असल्यास वैद्याच्या पत्राशिवाय डबी देऊ नये. दुसरे, अतितोडीमुळे सर्पगंधा १९९० पासून आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या, म्हणजे ‘साइट्स’च्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. टंचाईमुळे बाजारात तिच्या मुळांत राउवोल्फिया टेट्राफायला या तिच्याच कुळातील दुसऱ्या जातीची मुळे मिसळली जातात. दोहोंतील अल्कलॉइड्सचे प्रमाण सारखे नसल्याने ठरलेल्या मात्रेचा भरवसा राहत नाही. म्हणून चूर्ण विकत न घेता सालीसह अखंड मुळे घ्यावीत आणि प्रत्येक लॉटचा नमुना प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत बाजूला ठेवावा.