दोरी ओढण्याआधी...

चौदा ऑगस्टची दुपार. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदन, आणि आमच्या नरसीच्या शाळेच्या मैदानात गुडघाभर गवत! दोनच दिवसांपूर्वी मुलांना तिथं साप दिसला होता. गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र आहे. पण ते चालवणारे शिपाईमामा नेमके आजारी. मी आपली अर्धवेळ शिक्षिका. ‘मी बघते’ म्हणून पुढं झाले खरी, पण दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. यंत्र ढिम्म!

‘‘राहू द्या मॅडम, हे काय बायांचं काम हाय?’’ खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या. मेकॅनिक हिंगोलीला, तो उद्याशिवाय येणार नाही.

‘‘मावशी, चूल पेटत नसली तर तुम्ही काय बघता?’’

‘‘लाकडं वाळलीत का, हवा लागते का अन् काडी ओली नाही ना.’’

झालं तर! इंजिनही चूलच. त्यालाही मुख्यतः तीनच गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी.

मग आम्ही दोघी क्रमानं निघालो. आधी फुकटची तपासणी. बटण ‘चालू’वर आहे ना? होतं. इंजिनात ऑईल? ठीक. टाकीचं झाकण उघडलं, तर पेट्रोलऐवजी रंगाच्या डब्यासारखा वास आला. गेल्या दिवाळीपासून तेच पडून होतं! हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. जुनं पेट्रोल डब्यात काढलं (मोरीत मुळीच ओतू नये), ताजं भरलं आणि रबरी फुगा सात-आठ वेळा दाबून ते वर आणलं.

मग हवेची जाळी. आतला स्पंज धुळीनं भरला होता. साबणाच्या पाण्यात धुतला, फडक्यात दाबून नीट वाळवला.

शेवटी प्लग. टोपी काढून पान्यानं प्लग सोडवला, तर तो काळाकुट्ट आणि ओला. माझ्या पंचवीस-तीस झटक्यांनी इंजिनात नुसतं पेट्रोल साचलं होतं. जुन्या दातांच्या ब्रशनं प्लग घासला, पुसला आणि पंधरा मिनिटं सारं तसंच उघडं ठेवलं.

पुन्हा जोडणी केली. थंड इंजिन म्हणून चोक लावला. या वेळी दोरी मावशींनी ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन खोकलं. चोक काढला, आणि पुढच्या झटक्याला सुरू! मावशींचा चेहरा असा फुलला, की विचारू नका. संध्याकाळी शेतातून परतलेल्या एका पालकांनी बूट-चष्मा घालून मैदान साफ केलं. दगड उडतात म्हणून मुलांना लांब ठेवलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरच्या स्कूटरला किंवा जनरेटरलाही हाच क्रम लागू आहे. मात्र पेट्रोल भरताना इंजिन थंड हवं, जवळपास विस्तव नको. बंद खोलीत इंजिन चालवू नका. त्याचा धूर जीवघेणा असतो. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून यंत्र ठेवा.

एवढं करूनही सुरू झालं नाही, तर खुशाल मेकॅनिक बोलवा. पण काय काय तपासलंय ते त्याला सांगा. मग ‘बाईमाणसाला काय कळतंय’ म्हणून बिल फुगवायची त्याची छाती होत नाही!