आरव्हीतल्या फ्रिजचा वास: गॅसचा की अमोनियाचा?

अमेरिकेत आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅनियनकडे निघणाऱ्या मराठी मंडळींकडून एक गोष्ट मी सारखी ऐकतो: "फ्रिज प्रोपेनवर चालतो, म्हणजे आत प्रोपेनच असणार. वास आला की गॅस भरून घ्यायचा, झालं." हे साफ चूक आहे आणि धोक्याचंही.

प्रोपेन या फ्रिजला गार करत नाही. तो मागच्या छोट्या बर्नरवर जळतो आणि फक्त उष्णता देतो. गारवा येतो तो सीलबंद नळ्यांमधल्या अमोनिया, पाणी आणि हायड्रोजनमुळे. उष्णतेने पाण्यातला अमोनिया वायू होऊन सुटतो, वर जाऊन निवतो, द्रव होतो आणि पुन्हा वाफ होताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. शेवटी पाणी त्याला परत शोषून घेतं. कॉम्प्रेसर लागतच नाही. स्टॉकहोममधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही रचना केली. आजही तत्त्व तेच आहे. म्हणूनच हा फ्रिज विजेवरही चालतो. तिथे ज्योतीऐवजी हीटर असतो, एवढाच फरक.

आता वासाकडे या. नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास अमोनियाचा. सिलिंडर बंद असला तरी तो येऊ शकतो. मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली तर गळतीबद्दल शंकाच नको. ती भुकटी म्हणजे नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेलं सोडियम क्रोमेट. ते विषारी आहे, हात लावू नका. अशा वेळी लोक बेकिंग सोड्याने फ्रिज पुसत बसतात, सिलिंडर बदलतात आणि फ्रिज पुन्हा चालू करतात! अहो, गळणारं मिश्रण ज्वलनशील आहे आणि शेजारी ज्योत आहे. शंका असेल तर अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेच्या नोंदी पाहा: बॉयलरच्या नळीला तडा जाऊन आग लागण्याच्या धोक्यामुळे डोमेटिक या फ्रिज बनवणाऱ्या कंपनीने २००६ साली ९ लाखांहून अधिक फ्रिज दुरुस्तीसाठी परत बोलावले. गळती झाली की फ्रिज गॅस आणि वीज दोन्हींवरून बंद करायचा आणि पूर्ण कूलिंग युनिट बदलायचं. गाडी तिरकी उभी करून फ्रिज तासन् तास चालू ठेवणं हे या बिघाडाचं एक मोठं कारण.

कुजलेल्या अंड्यासारखा वास मात्र प्रोपेनमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असू शकतो. "सिलिंडर संपत आला की वास येतोच" हे अर्धसत्य आहे. तळाशी मर्कॅप्टनचं प्रमाण वाढतं खरं, पण वास नाकापर्यंत पोचला म्हणजे न जळलेला गॅस बाहेर पडतो आहे. तसाच वास जादा चार्ज झालेल्या बॅटरीचाही येतो, पण ते तंत्रज्ञाला ठरवू द्या.

आणखी काही गैरसमज. "वरची खिडकी उघडली की गॅस जातो": प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, तो जमिनीलगत साचतो.

"वास नाही म्हणजे धोका नाही": कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. ज्योत निळी हवी. ती पिवळी असेल, काजळी धरत असेल, तर फ्रिज बंद करा.

"काडी पेटवून गळती शोधता येते": कधीही नाही. जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे पाहा.

गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका. सगळ्यांना बाहेर काढा, बाहेरूनच सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, लांब जाऊन ९११ला फोन करा. आणि गाडी ताब्यात घेतानाच गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म चालू आहेत का, हे दाखवायला सांगा.