प्रेस म्हणजे काय?

वाचकहो, तुम्ही आता अक्षरे ओळखता. काना, मात्रा, वेलांटी लावता. एसटीची पाटी वाचता, दुकानाची पाटी वाचता. हे काम लहान नाही. पण वाचायला लागल्यावर एक अडचण पुढे येते. शब्द नीट वाचला तरी कधी कधी अर्थ चुकतो. काही शब्द बहुरूप्यासारखे असतात. आज एक सोंग, उद्या दुसरे. असाच एक शब्द म्हणजे 'प्रेस'. शब्द मूळचा इंग्रजी, पण आता तो आपल्या बोलीत मुरला आहे. त्याने एका माणसाची कशी फजिती केली ती गोष्ट आधी सांगतो.

लग्नाची पत्रिका खिळ्याला

आम्ही मुंबईला चिंचपोकळीत राहतो. शाळेत मुले शिकवण्यात आमची हयात गेली. काही वर्षांमागची गोष्ट. शेजारच्या काकांच्या मुलीचे लग्न ठरले होते. मदतीला गावाहून त्यांचा पुतण्या आला होता. वय तिशीच्या पुढे. तो गावच्या प्रौढ वर्गात नुकताच वाचायला शिकला होता. मुंबईत दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायचा. आम्हाला त्याचे कौतुक वाटे.

एके सकाळी काका घाईत होते. पत्रिकेचा मजकूर लिहिलेला कागद त्यांनी पुतण्याच्या हातात दिला. म्हणाले, "हा प्रेसमध्ये देऊन ये. परवापर्यंत पाहिजे म्हणावं."

पुतण्या निघाला. कोपऱ्यावर पाटी दिसली : 'कपडे धुलाई व प्रेस'. त्याने अक्षर अन् अक्षर वाचले. पाटी बरोबर होती. त्याने कागद आत दिला आणि निरोप सांगितला. इस्त्रीवाल्याला वाटले, ही लग्नघरच्या कपड्यांची यादी असेल, कपडे मागाहून येतील. त्याने कागद खिळ्याला अडकवला आणि तो कामाला लागला.

तिसऱ्या दिवशी घोटाळा उघडकीस आला. मग धावपळ झाली. पत्रिका छापून आल्या, पण उशिरा. गावी आत्याबाईंना पत्रिका मिळाली ती हळदीच्या दुसऱ्या दिवशी. सख्खी आत्या लग्नाला नव्हती. ती रुसली आणि वर्षभर बोलली नाही.

पुतण्या फार खजील झाला. आम्हाला म्हणाला, "गुरुजी, अडाणी होतो तेच बरं होतं. तेव्हा निदान चार माणसांना विचारून जायचो. वाचायला आलं म्हणून विचारलं नाही."

आम्ही म्हणालो, "बाबा, तू चुकीचं वाचलं नाहीस. तू अर्धं वाचलंस. बस, आपण या शब्दाचा माग काढू."

तो माग आता तुमच्यापुढे ठेवतो.

मुळात अर्थ एकच

'प्रेस' म्हणजे दाबणे. एवढे ध्यानात ठेवा. बाकीचे सगळे अर्थ याच मुळातून फुटले आहेत.

चकलीचा सोऱ्या घ्या. वरून दाब दिला की खालून चकली पडते. उसाचा चरक घ्या. दाब बसला की रस निघतो. ही सगळी दाबण्याचीच कामे.

इस्त्री कपड्यावर दाबली की सुरकुती जाते. म्हणून शहरात कपड्याला इस्त्री करणे याला 'प्रेस करणे' म्हणतात. हा पहिला अर्थ.

दुसरा अर्थ, दाब देणारे यंत्र. खानदेश-वऱ्हाडातल्या वाचकांना 'जिनिंग-प्रेसिंग' हा शब्द ठाऊक आहे. जिनिंगमध्ये कापसातली सरकी निघते. मग ती रुई यंत्रात घालून दाबतात आणि गाठ बांधतात. आपल्या देशात एक गाठ १७० किलोची धरतात. दाबली नाही तर तीच रुई खोलीभर होईल. अशा गाठी मुंबईला येत. आमच्या पूर्वेला रेल्वेचे एक स्टेशन आहे, त्याचे नावच कॉटन ग्रीन. कॉटन म्हणजे कापूस. आमच्या भागात तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत. १९८२ च्या मोठ्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. स्टेशनाचे नाव मात्र राहिले आहे.

कारखान्यात 'पॉवर प्रेस' असतो. पत्र्यावर साचा जोराने दाबला की डब्याचे झाकण तयार होते. हे यंत्र फार जपून चालवावे लागते. हात आत असताना साचा खाली आला तर बोटे जातात. कारखान्यात 'प्रेस चालू आहे' अशी पाटी दिसली तर ती कपड्याची नाही आणि बातमीचीही नाही. ती तुमच्या हाताची आहे. तिथे थांबा.

छापखाना

तिसरा अर्थ, छापखाना. काकांना हाच अर्थ पाहिजे होता.

छपाई आणि दाब यांचा संबंध काय? इ. स. १४५० च्या सुमारास जर्मनीत गुटेनबर्ग नावाच्या माणसाने धातूची सुटी अक्षरे जुळवून छपाई केली. त्याकडे द्राक्षे दाबून रस काढण्याची लाकडी यंत्रे असत. त्याच धर्तीवर त्याने छपाईचे यंत्र केले. खाली अक्षरे, त्यांना शाई, वर कागद आणि कागदावर दाब. यंत्राला 'प्रेस' म्हणत, म्हणून ते जिथे असते त्या जागेलाही लोक 'प्रेस' म्हणू लागले.

या सुट्या अक्षरांना आपल्याकडे खिळे म्हणत. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. कागदावर दाबले की सुलटे उमटते. रबरी शिक्का पाहिलात तर हे ध्यानात येईल. आता खिळे फारसे उरले नाहीत. मजकूर संगणकावर जुळवतात आणि मोठी यंत्रे तो छापतात. पण कागद अजून दोन रुळांमधूनच दाबून जातो.

आपल्या देशात पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. मराठी छपाई पुढे मुंबईत वाढली. गणपत कृष्णाजी यांनी एकोणिसाव्या शतकात दगडावरून छपाई करून मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला हात लावीत नसत. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले. मग लोकांची तक्रार राहिली नाही.

दुसरे मोठे नाव जावजी दादाजी यांचे. घरची गरिबी होती. लहानपणीच ते मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. त्याच पोराने पुढे १८६९ मध्ये स्वतःचा निर्णयसागर छापखाना काढला. त्याची छपाई इतकी सुबक आणि शुद्ध होती की संस्कृत पंडितही तेथलीच पोथी मागत.

नाशिककडे 'प्रेस' म्हटले की आणखी एक अर्थ निघतो. नाशिकरोडला सरकारचा छापखाना १९२५ मध्ये सुरू झाला. टपालाची तिकिटे, मुद्रांकाचे कागद, पासपोर्ट तेथे छापतात. १९२८ पासून नोटाही तेथे छापू लागले. त्या भागात कोणी म्हणाले, "मुलगा प्रेसमध्ये आहे," तर तो पत्रिका छापतो असे समजू नका. तुमच्या खिशातली नोट कदाचित त्याच्या यंत्रातून आली असेल.

वर्तमानपत्रे

चौथा अर्थ सर्वांत मोठा. वर्तमानपत्रे छापखान्यात निघतात, म्हणून सगळ्या वर्तमानपत्रांना मिळून 'प्रेस' म्हणू लागले. बातमी लिहिणाऱ्यांनाही तेच नाव पडले. 'मंत्र्यांनी प्रेसला सांगितले' म्हणजे बातमीदारांना सांगितले.

मराठीतले पहिले वर्तमानपत्र 'दर्पण'. ते बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढले. बाळशास्त्री कोकणातल्या पोंभुर्ल्याचे.

पण वर्तमानपत्राचे बळ आम्हा गिरणगावच्या लोकांना कळले ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. ते स्वतः गिरणीत नोकरीला होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेले 'दीनबंधू' हे पत्र लोखंडे १८८० पासून मुंबईत चालवू लागले. तेव्हा गिरणी कामगाराला आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. दिवस उगवला की काम सुरू, मावळला की बंद. लोखंड्यांनी हे छापून लोकांपुढे मांडले. १८८४ मध्ये त्यांनी सभा घेतल्या. ५,५०० कामगारांचे निवेदन तयार केले. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मान्य झाली.

पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढले. ते आमच्या शेजारच्या परळहून निघे. मूक म्हणजे मुका. ज्यांना कोणी बोलू देत नव्हते त्यांचे बोलणे या पत्रात छापले जाऊ लागले.

आता पाहा, 'प्रेस' म्हणजे दाबणे. पण दाब दोन्हीकडून येतो. वर्तमानपत्र सरकारवर दाब आणते, तसे सरकारही वर्तमानपत्राला दाबू पाहते. १८७८ मध्ये इंग्रज सरकारने देशी भाषांतल्या पत्रांसाठी कडक कायदा केला. सरकारला मजकूर खटकला तर छापखाना जप्त होई. तो कायदा १८८२ मध्ये रद्द झाला. १९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांना मंडालेला नेले. तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. गोळीबार झाला, माणसे मेली. त्यांतल्या बहुतेकांना स्वतः 'केसरी' वाचता येत नव्हता. पण तो आपल्यासाठी बोलतो हे त्यांना ठाऊक होते.

अर्थ ओळखावा कसा

वाचकहो, इतके अर्थ झाले. मग ओळखायचे कसे? सोपी युक्ती आहे. एकटा शब्द वाचू नका. त्याचे शेजारी वाचा. माणूस कोणाबरोबर बसतो त्यावरून आपण त्याला ओळखतो, तसेच शब्दाचे आहे. शेजारी 'कपडे' असेल तर इस्त्री. 'कापूस' असेल तर गाठी बांधण्याचे यंत्र. 'पत्रिका, पावतीपुस्तके' असतील तर छापखाना. 'बातमी, पत्रकार' असेल तर वर्तमानपत्र. कापडाच्या दुकानाशेजारी 'प्रिंटिंग प्रेस' लिहिले असेल तर छपाई, मग शेजारी काही का असेना. एवढे करूनही शंका राहिली तर विचारावे. वाचता येणाऱ्याने विचारू नये असा कुठे नियम आहे?

आणखी दोन गोष्टी जपा. पहिली, कोणाच्या मोटारसायकलवर 'प्रेस' लिहिले असते. तेवढ्याने दबून जाऊ नका. तो बातमीदार असेल, छापखान्यात कामाला असेल, नाही तर इस्त्रीचे दुकानही चालवत असेल! 'तुमची बातमी छापतो' असे सांगून कोणी पैसे मागू लागला तर कोणते पत्र, कोणते गाव, ते विचारा. बातमीसाठी वाचकाने पैसे द्यायचे नसतात.

दुसरी, छापून आले म्हणून ते खरेच असते असे नाही. छापणारा माणूसच असतो. त्याच्या हातून चूक होते, कधी तो मुद्दामही खोटे छापतो. कोणी छापले, कधी छापले, कशासाठी छापले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावा.

अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबणे हेही एक छापणेच. तो ठसा आपलाच, यात शंका नाही. पण कागदावर काय लिहिले आहे ते अंगठ्याला दिसत नाही. आता तुम्हाला दिसते. म्हणून वाचल्याशिवाय कशाच्याही खाली सही करू नका.

तो पुतण्या पुढे वाचतच राहिला. दोन वर्षांनी काकांच्या मुलाचे लग्न ठरले. काकांनी पुन्हा त्यालाच छापखान्यात पाठवले. छापण्याआधी तपासायला एक नमुना देतात, त्याला प्रूफ म्हणतात. त्याने प्रूफ घरी आणले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिले. पत्रिकेत वार रविवार होता, तारीख सोमवारची होती. घरातल्या शिकलेल्या चार माणसांच्या नजरेतून ते सुटले होते. त्याने चूक दुरुस्त करून घेतली. पहिली पत्रिका तो स्वतः गावी घेऊन गेला आणि आत्याबाईंच्या हातात दिली. आत्याबाई लग्नाला चार दिवस आधी येऊन राहिल्या.

आता तुमचे काम. या आठवड्यात गावात, बाजारात किंवा तालुक्याला 'प्रेस' हा शब्द जिथे दिसेल तिथून तो वहीत उतरवून घ्या. त्याच्या शेजारचे दोन शब्दही लिहा. मग पुढे त्याचा अर्थ लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.