परराज्यांत बिऱ्हाड नेतांना

बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा लूककृत शुभवर्तमानांतील दाखला आपल्या परिचयाचा आहे. परराज्यांत बिऱ्हाड नेणाऱ्यास तो विशेषच लागू पडतो; कारण पैसे मध्येंच संपले तर अपुरा बुरूज निदान जागच्या जागीं उभा राहतो, अर्धवट हललेलें बिऱ्हाड मात्र ना या गांवचें ना त्या गांवचें अशा स्थितींत सांपडतें. पूर्वीं रेल्वे, टपाल, लष्कर अशा खात्यांतील नोकरांस व मिशनच्या कामानिमित्त गांवोगांव जाणाऱ्यांसच या कामाची संवय असे. आतां नोकरीसाठीं बेंगळुरू, हैदराबाद, इंदूर, अहमदाबाद अशा शहरीं जाणारीं कुटुंबें सर्वत्र दिसतात. दरवर्षीं उन्हाळ्यांत मुलांचे दाखले मागण्यासाठीं शाळेच्या कचेरींत जे पालक येतात, त्यांतील बहुतेकांनीं मालमोटारीचें भाडें चार ठिकाणीं विचारून ठरविलेलें असतें. मुलगा कोणत्या इयत्तेंत असतां आपण राज्य बदलीत आहों, याचा विचार मात्र थोड्यांनींच केलेला आढळतो. वस्तुतः या सर्व व्यवहारांत महागांतली महाग गोष्ट हीच होय.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून साताऱ्याहून बेंगळुरूस जाणारें एक कुटुंब कल्पूं. आई, वडील, यंदा आठवींत जाणारा मुलगा व चौथींत जाणारी मुलगी, अशीं चार माणसें. राष्ट्रीय महामार्ग ४८ नें कऱ्हाड, कोल्हापूर, बेळगांव, हुबळी, चित्रदुर्ग व तुमकूर यांवरून अंतर सातशे किलोमीटरांहून थोडें अधिक आहे. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बेंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हांपासून मराठी माणसास ही वाट ठाऊक आहे. त्यांच्या बिऱ्हाडास मात्र घरमालकाकडे अनामत रक्कम भरावी लागली नसावी!

आतां खर्च मांडूं. आंकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकानें आपापले घालून बेरीज करावी. घरभाडें महिना २०,००० रुपये धरलें व मालकानें सहा महिन्यांची अनामत मागितली, तर १,२०,००० रुपये प्रथमच बाजूस पडतात. पहिल्या महिन्याचें भाडें २०,००० व दलालाची दलाली तितकीच. सामानाची बांधणी, मालमोटार व हमाली मिळून ४५,०००. माणसांचा प्रवास व घर लागेपर्यंतचें राहणें-जेवणें २०,०००. दोन मुलांचें शाळेचें शुल्क, गणवेश व पुस्तकें ८०,०००. पडदे, दिवे, गॅसची नळी, पाण्याचें पिंप अशा बारीकसारीक, परंतु पहिल्याच दिवशीं लागणाऱ्या वस्तू १५,०००. बेरीज ३,२०,००० झाली. यावर अकल्पित खर्चासाठीं एक दशांश, म्हणजे ३२,००० धरले कीं रक्कम ३,५२,००० होते. दशांश हा शब्द मंडळींतील वाचकांस निराळ्या संदर्भानें ठाऊक आहे. येथेंहि तो आधींच काढून ठेवावा, उरला तर ठेवूं असें म्हणूं नये.

या बेरजेंत बांधणी, हमाली व मालमोटार यांचा वांटा सुमारें एक अष्टमांश आहे, आणि गृहस्थ घासाघीस करतो ती बहुधा याच भागाविषयीं. मोठा भाग अनामतीचा. बेंगळुरूंत पांच ते दहा महिन्यांचें भाडें अनामत म्हणून मागण्याची वहिवाट आहे. घर सोडतांना रंगकामाच्या नांवाखालीं एका महिन्याचें भाडें कापून घेण्याची रीतहि पुष्कळ ठिकाणीं चालते. अनामत हा खर्च नव्हे, तो अडकलेला पैसा होय. तथापि अडकलेल्या पैशांतून वाण्याचें देणें भागत नाहीं. इकडच्या घराची अनामत परत मिळते हें खरें, परंतु ती किल्ली दिल्यानंतर, आणि नवी मात्र किल्ली घेण्यापूर्वीं भरावी लागते. नव्या नोकरीचा पहिला पगारहि महिना भरल्यावरच हातीं पडावयाचा. म्हणून वरील रकमेखेरीज दोन महिन्यांचा घरखर्च निराळा ठेवावा. महिना ३०,००० खर्च असेल तर आणखी ६०,००० लागतील, व सर्व मिळून ४,१२,००० होतील. एवढी शिल्लक नसेल तर कर्ज काढून सर्वांनीं एकदम निघण्यापेक्षां वडिलांनीं आधीं एकट्यानें जावें व कांहीं महिने खोली घेऊन राहावें, हें मला अधिक शहाणपणाचें वाटतें. तेवढ्या अवधींत शहराचा भूगोलहि कळतो. कचेरीपासून दूर घेतलेलें स्वस्त घर पुढें रोजच्या प्रवासखर्चानें महाग पडतें, ही गोष्ट तेथें राहिल्यावांचून ध्यानांत येत नाहीं.

मालमोटारीसंबंधीं दोन-तीन गोष्टी सांगितल्या म्हणजे पुरे. जकात नाक्यांची आठवण वडील मंडळींस असेल. १ जुलै २०१७ रोजीं माल व सेवा कर आला, तेव्हां महाराष्ट्रांत उरलीसुरली जकातहि गेली. वापरलेल्या घरगुती सामानास ई-वे बिल लागत नाहीं, म्हणून यादीवर 'वापरलेलें घरगुती सामान' असें स्पष्ट लिहून घ्यावें. रस्त्यानें मालवाहतूक करणारांविषयीं २००७ चा कायदा व २०११ चे नियम आहेत. त्यांप्रमाणें सामानाची अधिक किंमत आधीं लेखी जाहीर केली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. वरील ४५,००० पैकीं नुसतें गाडीभाडें ३०,००० असेल, तर तीन लाखांपलीकडे भरपाई मिळावयाची नाहीं. आणि पावतीवर भाडें कमी दाखविण्यास जो कबूल होतो, त्याची भरपाईहि त्याच मानानें घटते. दावा करावयाचा झाल्यास माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आंत लेखी नोटीस पोंचली पाहिजे. फुटलेलें कपाट पाहून हळहळत बसणारे पुष्कळ. नोटीस देणारे थोडे.

आतां मुलांच्या शिक्षणाकडे वळूं. आपल्याकडील शाळा बहुतांशीं जूनच्या मध्यास उघडतात. कर्नाटकांतील राज्य-अभ्यासक्रमाच्या शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभीं, व केंद्रीय मंडळाच्या पुष्कळ शाळा एप्रिलमध्येंच सुरू होतात. खाजगी शाळांचे प्रवेश तर त्यापूर्वींच आटोपलेले असतात. म्हणजे जूनमध्यें जावयाचें असेल, तर शाळेची चौकशी आदल्या डिसेंबरांत करावी लागते. दाखला परराज्यांत न्यावयाचा असल्यास त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी बहुधा मागितली जाते, तिला आठवडाभर तरी हाताशीं असावा. पहिली ते आठवीच्या मुलास सरकारी किंवा अनुदानित शाळेंत जावयाचें असल्यास, केवळ दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडवितां येत नाहीं, असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें कलम ५ सांगतें. नववीच्या पुढें हें संरक्षण नाहीं. कर्नाटकांत २०१५ च्या कायद्यानें शाळांतून कन्नड भाषा शिकविणें आवश्यक केलें आहे. बाहेरून आलेल्या मोठ्या मुलाची सोय कशी करतात, हें प्रवेशापूर्वींच विचारावें. चौथीची मुलगी वर्षभरांत कन्नड बोलूं लागेल. आठवीच्या मुलास मात्र लिपीपासून आरंभ करावयाचा आहे, व त्याच्या सोबत्यांनीं ती सात वर्षांपूर्वीं गिरविली आहे.

यापेक्षांहि मोठा प्रश्न बारावीनंतर उभा राहतो. राज्याच्या वांट्याच्या जागा त्या राज्याच्या विद्यार्थ्यांस मिळतात. परंतु 'राज्याचा विद्यार्थी' कोण, हें प्रत्येक राज्य आपापल्या रीतीनें ठरवितें. महाराष्ट्रांत वैद्यकीय शाखेच्या राज्य-कोट्यासाठीं अधिवासाच्या दाखल्याबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रांतून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. कर्नाटकांत अभियांत्रिकी वगैरे शाखांसाठीं मुख्य नियम असा कीं, पहिली ते बारावी यांपैकीं किमान सात वर्षें शिक्षण त्या राज्यांत झालेलें असावें, व दहावी किंवा बारावीची परीक्षा तेथूनच दिलेली असावी. आमच्या कल्पित कुटुंबाचा हिशेब करून पाहा. चौथींत जाणारी मुलगी चौथी ते बारावी अशीं नऊ वर्षें तेथें शिकेल. ती निश्चिंत आहे. आठवींत जाणारा मुलगा आठवी ते बारावी अशीं पांचच वर्षें शिकेल. महाराष्ट्रांत त्याची दहावी नाहीं, आणि कर्नाटकांत त्याचीं वर्षें पुरीं नाहींत. एकाच घरांतील दोन भावंडांची ही स्थिति, आणि फरक केवळ निघण्याच्या वर्षाचा! सात वर्षें भरावयाचीं तर मुलानें उशिरांत उशिरा सहावीपासून तेथें शिकावें लागतें.

अपवाद आहेत. सरकारी व लष्करी नोकरांच्या मुलांस कांहीं सवलती असतात. महाराष्ट्रांत अभियांत्रिकीसाठीं आईवडिलांच्या अधिवासावरहि पात्रता मिळूं शकते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यांत सर्वांस खुल्या आहेत. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील निम्म्या जागांस बारावी जेथून उत्तीर्ण झाली तें राज्य 'गृहराज्य' धरतात, व आय.आय.टी.मध्यें असा भेदच नाहीं. नियम वर्षांवर्षीं बदलतात. म्हणून दोन्ही राज्यांच्या प्रवेशपरीक्षांच्या चालू माहितीपुस्तिका मिळवून पालकांनीं स्वतः वाचाव्या. ज्यांना जातीच्या दाखल्यावर सवलत मिळते, त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: अनुसूचित जाति-जमातींची सवलत मूळ राज्याबरोबर राहते, नव्या राज्यांत आपोआप मिळत नाहीं. हा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९९० मध्यें दिला, आणि तो खटला मुंबईच्याच एका वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेशाचा होता.

मग आठवीच्या मुलाचें काय करावें? त्याला बारावीपर्यंत वसतिगृहांत किंवा आजी-आजोबांपाशीं ठेवावें, हा एक मार्ग. त्याचा खर्च वरील ताळेबंदांत महिन्याच्या सदरीं घालावा लागेल. परंतु तेरा वर्षांच्या मुलास आईबापांपासून दूर ठेवण्याची किंमत रुपयांत मांडतां येत नाहीं, आणि वैद्यकीय शाखेकडे त्याचा ओढा आहे कीं नाहीं हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. माझ्या मतें, मुलगा नववी ते बारावींत असेल तर वडिलांनीं एकट्यानें जाणें व बाकीच्यांनीं बारावीपर्यंत थांबणें योग्य. आठवीचा असेल तर त्याला जवळ बसवून वरचा हिशेब दाखवावा व त्याचें म्हणणें ऐकावें. तेवढें समजण्याइतका तो मोठा असतो.

वाहनाविषयीं थोडें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यांत ठेवलेल्या गाडीस तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. इकडच्या परिवहन कार्यालयाचें ना-हरकत पत्र न्यावें, तिकडे कर भरावा, आणि मग इकडील उरलेल्या मुदतीचा कर परत मागावा, असा हा क्रम आहे. येथेंहि देणें आधीं व येणें मागून. जुनी दुचाकी विकून जाणेंच बहुधा सोईचें. गॅसची टाकी व रेग्युलेटर वितरकाकडे परत करून अनामत व हस्तांतरणाचें पत्र घ्यावें, शेगडी बरोबर न्यावी. शिधापत्रिकेवरील धान्य २०२२ पासून कोणत्याहि राज्यांत मिळूं शकतें. मतदारयादींतील पत्ता नमुना ८ भरून बदलतो. आधारचा पत्ता बदलण्यास नवा भाडेकरार पुरावा म्हणून चालतो, म्हणून करारांत नांवें आधारावर आहेत तशींच लिहवून घ्यावीं.

खोक्यांची यादी करण्याचें काम विद्यार्थ्यांनीं आपल्याकडे घ्यावें. प्रत्येक खोक्यावर क्रमांक व कोणत्या खोलीचें हें लिहावें, वहींत आंत काय आहे तें नोंदावें, आणि गाडी भरतांना व उतरतांना दोन्ही वेळां खुणा कराव्या. क्रमांक मोठ्या इंग्रजी आंकड्यांत असावे, म्हणजे तिकडील हमालासहि वाचतां येतील. दाखले, गुणपत्रिका, जन्माचे व अधिवासाचे दाखले, गाडीचीं कागदपत्रें, औषधाच्या चिठ्ठ्या व दोन्ही घरांचे करार एका पिशवींत घालून ती मालमोटारींत न देतां आईच्या हातीं असावी. मंडळीच्या सभासदत्वाचें पत्रहि त्याच पिशवींत ठेवावें.