बारा जिल्हे आणि एक सोडत

सुझॅन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ ही किशोरांसाठीची कादंबरी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिच्यातले पानेम हे राष्ट्र उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर उभे आहे: ऐषारामी राजधानी कॅपिटॉल आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. पानेम म्हणजे लॅटिनमध्ये भाकरी. रोमन कवी जुवेनालच्या ‘भाकरी आणि खेळ’ या उक्तीतून ते नाव आले. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडतात. या २४ जणांनी एकच उरेपर्यंत झुंजायचे आणि साऱ्या देशाने ते टीव्हीवर बघायचे.

कादंबरीची खरी ताकद मात्र रिंगणात नाही, रेशनात आहे. उपाशी घरातले मूल एका माणसाच्या वर्षभराच्या धान्य-तेलाच्या बदल्यात आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकू शकते आणि साऱ्याच चिठ्ठ्या वर्षागणिक साठत जातात. नियम सर्वांना सारखा, धोका गरिबाला जास्त. सोळा वर्षांची नायिका कॅटनिस हिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या असतात. खात्यापित्या घरातल्या, तिच्याच वयाच्या मुलीच्या पाच. आणि निघते काय, तर कॅटनिसच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक चिठ्ठी!

कथेतली तीन बोटांची सलामी पुढे पुस्तकाबाहेर पडली. २०१४च्या लष्करी उठावानंतर थायलंडमध्ये ती करणाऱ्यांना ताब्यात घेतले गेले. २०२१मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवरही तीच बोटे उंचावली.