गल्ल्यावरचं बोलणं कागदावर

गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका हाती आली की मी आधी जाहिराती वाचतो. अध्यक्षांचं मनोगत आणि जमाखर्च नंतर. गिरगाव असो, दादर असो की लालबाग, पाव पानाची जाहिरात ठरलेली. वर गणपती, खाली दुकानाचं नाव, मालकाचा हात जोडलेला फोटो, ‘हार्दिक शुभेच्छा’ आणि फोन नंबर. शिंपी, मसालेवाला, घड्याळं दुरुस्त करणारा, सगळ्यांचं एकच. माणूस पदरचे पैसे मोजतो आणि एवढंच सांगतो, की मी आहे. माझ्याकडे काय मिळतं, त्यातलं चांगलं कसं ओळखावं, याबद्दल अवाक्षर नाही. त्यापेक्षा चार परिच्छेदांचा एखादा लेख का देत नाही, असं विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘साहेब, आम्हांला कुठे लिहिता येतं?’

बँकेत नोकरी करताना हे वाक्य मी टेबलापलीकडून पुष्कळदा ऐकलं. छोट्या धंद्याच्या कर्जासाठी जो अर्ज भरावा लागे, त्यात व्यवसायाची माहिती विचारलेली असे. अर्जदार तिथे दोन शब्द लिहून मोकळा होई, ‘मसाला विक्री’. एवढ्यावर कर्ज कसं मंजूर करणार? मग मी विचारायचो, मिरची कुठली घेता, कधी घेता? की गृहस्थ सुरू! रंगासाठी बेडगी, तिखटासाठी संकेश्वरी. दोन्हींचं प्रमाण चुकलं तर मसाला एक तर नुसता लाल होतो, नाही तर नुसता जाळतो. मिरचीला ऊन नीट दाखवलं नाही तर श्रावणापर्यंत बरणीत बुरशी येते. बरणीत हिंगाचा खडा का ठेवायचा, ओला चमचा का घालायचा नाही… अर्धा तास झाला तरी बोलणं संपत नसे. मी ते कागदावर उतरवून वाचून दाखवलं, की समोरचा चकित. ‘हे मी बोललो?’

त्या माणसाला लिहिता येत नव्हतं, हे खरं. पण त्याच्यापाशी मजकूर होता. ज्यांना लिहिता येतं त्यांतल्या अनेकांपाशी नेमका तोच नसतो. कादंबरीकार म्हणून हे मी अनुभवाने सांगतो.

धंद्याचा प्रचार लेखांतून करण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर नोकरी सोडून बेळगावला गेले. सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते लोखंडी नांगरापर्यंत पोचले. पण नांगर खपेना. लोखंडामुळे जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. असा समज शुभेच्छांनी जात नाही. तो समजावून सांगूनच घालवावा लागतो. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणं, हा त्याचा मूळ हेतू. ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर मुळात हौशी लेखक नव्हेत, चित्रकार. नांगराच्या प्रचारासाठी निघालेलं हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, घरोघरी गेलं, आणि त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ निघालं. वाचकाला उपयोगाचं काही दिलं की तो पान उलटतो, आणि पान उलटता उलटता दुकानाचं नावही लक्षात ठेवतो.

दुसरं उदाहरण तुमच्या भिंतीवर असेल. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ काढलं. तारखा तर सगळ्याच दिनदर्शिकांत असतात. यांनी पानाची मागची बाजू वाया जाऊ दिली नाही. तिथे पाककृती आल्या, आरोग्याचे लेख आले. महिना संपला तरी गृहिणी पान फाडून जपून ठेवू लागली. पुढच्या वर्षीची दिनदर्शिका कोणती घ्यायची, हे मागच्या बाजूच्या मजकुरानेच ठरवलं, असं म्हटलं तर फारसं चूक होणार नाही.

‘पण ती मोठी माणसं, शिकलेली,’ असं कुणी म्हणेल. मग कमलाबाई ओगले घ्या. शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचं. पण १९७० साली आलेलं त्यांचं ‘रुचिरा’ मराठी स्वयंपाकघरातून अजून हललेलं नाही. त्यात अलंकारिक भाषा नाही. वाटी आणि चमचा यांची मापं आहेत, म्हणजे ओट्याशी उभ्या असलेल्या बाईच्या हाताशी जे असतं ते. लिहिणं कच्चं असेल तर ते माहितीच्या पक्केपणाने भरून काढता येतं. उलट मात्र जमत नाही.

तेव्हा ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लिहावं कसं? माझ्या मते, लिहूच नये. बोलावं, आणि घरातल्या कुणाकडून तरी ते उतरवून घ्यावं. गिऱ्हाईक वारंवार विचारतं तो एक प्रश्न घ्यावा आणि त्याचंच उत्तर द्यावं. पैठणी धुवायची कशी, पितळेच्या भांड्याला कल्हई कधी करायची, चष्म्याची काच कशाने पुसायची. एका लेखात एकच गोष्ट. ‘सर्वोत्तम’, ‘एकमेव’, ‘विश्वसनीय’ हे शब्द खोडावेत, त्यांच्या जागी माप, वेळ आणि किंमत लिहावी. ऱ्हस्व-दीर्घ शाळेत जाणाऱ्या नातीकडून तपासून घ्यावं, पण तिला शब्द बदलू देऊ नयेत. आणि शेवटी एक परीक्षा करावी. दुकानाचं नाव बोटाने झाकून लेख वाचावा. तरीही तो कुणाच्या उपयोगी पडत असेल, तर छापायला द्यावा. जागा पुष्कळ आहेत. मंडळाची स्मरणिका, वॉर्डातलं साप्ताहिक, पुडीसोबत द्यायची चिठ्ठी, नाही तर मोबाइलवरचा निरोप.

पैसे घेऊन लिहून देणारे आज आहेत, आणि संगणक तर क्षणात पानभर मजकूर काढून देतो. तो शुद्ध असतो, गुळगुळीत असतो. पण दुकान परळचं आहे की पाटण्याचं, हे त्यातून कळत नाही. गिऱ्हाईक दुकानात येतं आणि कागदावरचा माणूस त्याला गल्ल्यावर सापडत नाही. तिथेच विश्वास जातो.

हे सगळं आजवर नडलं नाही, कारण गिरणगावात जाहिरात तोंडी होत होती. चाळीच्या गॅलरीत एकीने सांगितलं की चाळीस बिऱ्हाडांना कळे. ‘लालबागचा राजा’चं मंडळ १९३४ साली उभं राहिलं, ते बाजारासाठी हक्काची जागा मिळाल्याचा नवस फेडायला, इथल्या कोळ्यांनी आणि छोट्या विक्रेत्यांनी. बाजार, चाळ आणि गिऱ्हाईक अशी एकात एक गुंतलेली होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती वीण उसवली. चाळींच्या जागी टॉवर आले. जुनं गिऱ्हाईक विरारला, बदलापूरला गेलं. नवं गिऱ्हाईक विसाव्या मजल्यावर राहतं, त्याला खाली मसाल्याची गल्ली आहे हेही ठाऊक नसतं. तोंडी निरोप लिफ्टने वर जात नाही. कागद जातो.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना बँकांची कर्जं मिळावीत म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. अशाच बायकांपैकी एक, परळच्या, माझ्या ओळखीच्या होत्या. संपात नवऱ्याची गिरणी गेली आणि त्या मसाला करून विकू लागल्या. सही करताना हात कापायचा. एका वर्षी त्यांनी मुलीला समोर बसवून अर्धं पान सांगितलं, वर्षाचा मसाला का बिघडतो, एवढंच. मंडळाच्या स्मरणिकेत ते त्यांच्याच शब्दांत छापून आलं. शेवटी त्यांनी घातलं होतं, ‘पाऊस सुरू झाल्यावर माझ्याकडं मसाला कुटायला येऊ नका. पैसे मिळतील मला, पण मसाला टिकणार नाही तुमचा.’

धंदा नको म्हणणारी ही जाहिरात वाचून पुढच्या एप्रिलमध्ये बायका ते फाटकं पान हातात घेऊन त्यांचं दार शोधत आल्या. बाई आज नाहीत. मुलगी धंदा चालवते. मिरचीचं प्रमाण कधी अडलं, तर ती आईचं तेच अर्धं पान काढून बघते.