नातवाची पाल आणि आमची काटकसर

पाल दिसली की आपल्या घरात आधी झाडू शोधला जातो. तीच पाल कुणी काचेच्या पेटीत ठेवतो, तिला ऊब देतो, असे ऐकले की आपल्या माणसांना हसू येते. आम्हालाही आले होते. पण मागच्या हिवाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेलो आणि तिथे आमच्याच हातून एक चूक घडली. ती चूक आणि तिचा धडा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचा दहा वर्षांचा नातू लेपर्ड गेको जातीची पाल सांभाळतो. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून तिला बिबट्याचे नाव. लांबी वीतभर. ही जात मूळची अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. इंग्लंडात मात्र पेटीतच जन्मलेली पिल्ले विकत मिळतात. आपल्या घरातल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. हिची बोटे चिकटत नाहीत, त्यामुळे ही काचेवर चढत नाही. नीट सांभाळली तर १५ ते २० वर्षे जगते. म्हणजे ही चार दिवसांची हौस नव्हे.

पेटीखाली विजेची पातळ गरम चटई होती आणि तिचे बटण चोवीस तास चालू असे. आम्ही चाळीत वाढलेली माणसे. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की हात आपोआप बटणाकडे जातो. नातू शाळेत गेला की आम्ही ते बटण बंद करू आणि तो यायच्या आत पुन्हा लावू. रात्री तो निजल्यावरही तेच. लेक-जावयांचे चार पैसे वाचावेत, एवढाच हेतू.

आठवडाभरात पाल खाईनाशी झाली. "आजोबा, चार दिवस झाले, तिने एकही किडा खाल्ला नाही," म्हणून पोर रडवेले झाले. जावयांनी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "पेटीत ऊब किती आहे?" तेव्हा आम्हाला खरे सांगावे लागले.

आपले शरीर खाल्लेल्या अन्नातून स्वतःची ऊब तयार करते. पालीला ते जमत नाही. रानात ती उन्हाने तापलेल्या दगडाला पोट लावून बसते आणि त्या उबेवरच तिचे अन्न पचते. ऊब नाही तर पचन नाही. शेपटीत साठवलेल्या चरबीवर ती काही दिवस काढते, पण शेपटी बारीक होऊ लागली की धोका ओळखावा.

त्या रविवारी नातवाच्या हाताखाली आम्ही पेटी नव्याने लावली. पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद. गरम चटई एकाच टोकाला, तळाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याखाली. सगळाच तळ तापवला तर तिला गार व्हायला जागा उरत नाही. उबदार बाजूची फरशी ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार बाजू २४ ते २६ अंश असावी. हाताने अंदाज घेऊ नये, दोन्हीकडे थर्मामीटर ठेवावा.

चटईला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर जनावराचे पोट भाजते. त्याच्या वायरीचे टोक उबदार बाजूलाच घट्ट बसवावे. ते गार बाजूला सरकले तर यंत्राला गारठाच वाटतो आणि चटई तापतच राहते. अलीकडे बरेच जण वरून ऊब देणारा दिवा लावतात. त्यालाही थर्मोस्टॅट लागतोच.

तळाला सुटी वाळू घातली नाही. ती पोटात गेली तर आतडी तुंबू शकतात. साधा टिपकागद अंथरला. लपायला तीन जागा केल्या: एक उबेत, एक गारव्यात आणि एक ओलसर शेवाळाची. कात टाकताना ओलावा नसेल तर बोटांवर कात अडकते आणि बोटे झडतात. शेजारी पाण्याची उथळ वाटी. खायला रातकिडे, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. पालीला हात लावल्यावर साबणाने हात धुणे सर्वांना सक्तीचे, कारण तिच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.

पाचव्या रात्री तिने रातकिडा पकडला. पोराने सगळ्या घराला उठवले! मग जावयांनी आम्हाला हिशेब दाखवला. चटई १५ वॅटची, म्हणजे पूर्ण दिवसाला अर्धे युनिटही जळत नाही. एवढ्यासाठी आम्ही एका मुक्या जिवाचे अन्न तोडले होते. काटकसर चांगलीच, पण आपण काय बंद करतो आहोत हे आधी विचारावे.

या पालीची भावंडे आपल्याकडेही आहेत. सातपुड्यातील एका जातीची नवी जात म्हणून नोंद २०१४ साली झाली. पुष्कळ ठिकाणी लोक त्यांना विषारी समजून ठेचतात. भारतात एकही पाल विषारी नाही. त्यांना रानातून धरून आणू नये आणि मारूही नये. त्यांच्या उबेची सोय त्यांच्या दगडांनी केलेली आहे.